विद्युत क्षेत्रतीव्रतेची एकके आणि त्यांचे रूपांतर : प्रस्तावना

विद्युत क्षेत्राची तीव्रता म्हणजे एखाद्या बिंदूवर ठेवलेल्या एकक धन प्रभारावर कार्य करणारे बल, ही व्याख्या कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. या व्याख्येतून न्यूटन प्रति कूलोम हे एकक सरळ निघते. आणि व्होल्ट म्हणजे ज्यूल प्रति कूलोम व ज्यूल म्हणजे न्यूटन-मीटर हे लक्षात घेतले की व्यवहारात अधिक रुळलेले व्होल्ट प्रति मीटर हे एकक आणि न्यूटन प्रति कूलोम ही एकाच मापाची दोन नावे आहेत, हेही दोन ओळींत सिद्ध होते. पाठ्यपुस्तक येथे थांबते. त्याबाहेर पडल्यावर मात्र त्याच विद्यार्थ्याला विद्युतरोधक पदार्थांच्या माहितीपत्रकात किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर, अमेरिकी कंपन्यांच्या पत्रकात व्होल्ट प्रति मिल, जुन्या शोधनिबंधांत स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर, रेडिओच्या अहवालात डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, मोबाइल मनोऱ्याच्या तपासणीत वॅट प्रति चौरस मीटर, रेणूंच्या गणितात अणवीय एकक आणि वायूंतील विसर्जनाच्या अभ्यासात टाउनसेंड अशी नावे भेटतात, आणि या साऱ्यांचा संबंध एकाच भौतिक राशीशी असल्याचे सांगितले जाते.

या नावांमधला संबंध एका कोष्टकात मांडता येतो आणि तसे कोष्टक कोणत्याही संदर्भपुस्तकात सापडते. परंतु कोष्टकातील सगळी रूपांतरे एका जातीची नसतात, ही गोष्ट कोष्टक सांगत नाही. काही रूपांतरे केवळ लांबीच्या किंवा दशांश उपसर्गांच्या बदलाची असतात आणि ती कोणत्याही परिस्थितीत खरी राहतात. काहींच्या मागे प्रभार म्हणजे काय याचीच निराळी व्याख्या उभी असते. काहींत तर एक राशी दुसऱ्या राशीत बदलली जाते, आणि तो बदल विशिष्ट अटी पाळल्या गेल्या तरच वैध ठरतो. या विषयात होणाऱ्या बहुतेक गफलती गुणाकाराच्या नसून, समोरचे रूपांतर यांपैकी कोणत्या जातीचे आहे हे न ओळखल्यामुळे होतात, आणि या प्रस्तावनेचा रोख मुख्यतः त्या ओळखीकडे आहे.

पहिल्या जातीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. एक किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर म्हणजे एक लाख व्होल्ट प्रति मीटर : किलो या उपसर्गाने एक हजार पट आणि छेदातील सेंटिमीटरमुळे आणखी शंभर पट. सेंटिमीटर छेदात असल्यामुळे येथे शंभराने गुणायचे असते, भागायचे नसते, आणि घाईत होणारी चूक नेमकी हीच असते. किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर आणि मेगाव्होल्ट प्रति मीटर हे आकड्याने अगदी सारखेच असतात, कारण वर आणि खाली दोन्हीकडे हजाराचाच फरक पडतो. इंचाच्या हजाराव्या भागाला अमेरिकी तंत्रव्यवहारात मिल म्हणतात आणि तो २५.४ मायक्रोमीटर भरतो. म्हणून एक व्होल्ट प्रति मिल म्हणजे सुमारे ३९,३७० व्होल्ट प्रति मीटर, आणि ५०० व्होल्ट प्रति मिल असे लिहिलेला पदार्थ १९.७ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटरचा ठरतो. मिल हा शब्द मिलिमीटरचा संक्षेप समजला गेला तर उत्तर जवळजवळ चाळीसपट चुकते, आणि ही चूक वाटते तितकी विरळ नाही.

मात्र एककाचे रूपांतर अचूक असले तरी त्या आकड्यामागचा गुणधर्म त्याच्याबरोबर रूपांतरित होतोच असे नाही. हवेची विद्युत सहनशक्ती, म्हणजे ज्या तीव्रतेला हवा रोधक राहत नाही आणि ठिणगी पडते ती मर्यादा, साधारणपणे ३० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर म्हणजेच ३० लाख व्होल्ट प्रति मीटर अशी दिली जाते. हा आकडा नेहमीच्या वायुदाबाच्या हवेत सेंटिमीटरभर अंतराला बरोबर लागू पडतो. त्यावरून एक मिलिमीटर अंतराला तीन किलोव्होल्ट पुरतील असा हिशोब केला तर तो चुकतो, कारण प्रत्यक्षात तेथे सुमारे साडेचार किलोव्होल्ट लागतात. अंतर जितके कमी तितकी इलेक्ट्रॉनांना वाटेत अणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन सोडवण्याची संधी कमी, आणि म्हणून पातळ थर जाड थरापेक्षा प्रति मिलिमीटर अधिक ताण सोसतो. घन रोधकांतही जाडी वाढली की प्रति मिलिमीटर सहनशक्ती घटते, त्यामुळे मिलभर जाडीच्या फिल्मवर मोजलेला आकडा नीट रूपांतरित करून दहा मिलिमीटरच्या ठोकळ्याला लावणे धोक्याचे ठरते. अशा वेळी गुणक बरोबर असतो, फक्त त्याचा वापर चुकीच्या जागी झालेला असतो.

वीज उपकेंद्रांत आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यांत रोज होणारी तेलाची चाचणी या दृष्टीने बघण्यासारखी आहे. तिला सगळेच बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) म्हणतात. एका लहान पारदर्शक भांड्यात तेल भरले जाते. त्यात समोरासमोर बसवलेल्या दोन इलेक्ट्रोडांमधले अंतर गेज घालून २.५ मिलिमीटर असल्याची खात्री केली जाते. तेलातले बुडबुडे निघून जाण्यासाठी ते काही मिनिटे तसेच ठेवले जाते, आणि मग ठरावीक गतीने विभवांतर वाढवत नेले जाते. ठिणगी पडून यंत्र बंद होते त्या क्षणीचा आकडा टिपून, मधल्या वेळात तेल ढवळून, हीच कृती सहा वेळा करतात आणि सरासरी काढतात. वहीत नोंद होते ती केवळ किलोव्होल्टमध्ये, समजा ३० अशी. येथे क्षेत्रतीव्रतेचे एकक कुठेच लिहिलेले नसते. ते अंतराच्या गेजमध्ये गृहीत धरलेले असते. तीस किलोव्होल्टला २.५ मिलिमीटरने भागले की १२ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर, म्हणजे १२० किलोव्होल्ट प्रति सेंटिमीटर, म्हणजेच १२ मेगाव्होल्ट प्रति मीटर मिळतात. परंतु इलेक्ट्रोड सपाट पट्ट्यांचे नसून गोल किंवा छत्रीसारख्या फुगीर टोकाचे असल्यामुळे हा भागाकार केवळ सरासरी तीव्रता देतो. इलेक्ट्रोडांच्या सर्वांत जवळच्या बिंदूंपाशी ती त्याहून थोडी जास्तच असते. शिवाय प्रत्यावर्ती विभवांतराचा आकडा प्रथेनुसार वर्गमाध्यमूळ मूल्याचा असतो, म्हणजे क्षणोक्षणी बदलणाऱ्या मूल्यांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतलेला असतो, आणि लाटेचे शिखर त्याच्या १.४१ पट असते. तेल फुटते ते शिखराशी, म्हणून त्या बारा किलोव्होल्ट प्रति मिलिमीटरमागे शिखरावरचा ताण सतराच्या आसपास असतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे एका एककात आणून तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडे अंतर तेच होते का, इलेक्ट्रोड त्याच आकाराचे होते का आणि मूल्य कोणत्या प्रकारचे होते, हे विचारावे लागते.

दुसऱ्या जातीच्या रूपांतराकडे वळताना थोडा इतिहास आवश्यक ठरतो, कारण तेथील विचित्र दिसणारे गुणक इतिहासानेच निर्माण केले आहेत. कार्ल फ्रीडरिख गाऊस याने १८३२ साली पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन केवळ लांबी, वस्तुमान आणि काळ यांच्या एककांत मांडून दाखवले, आणि विल्हेल्म वेबर याने तोच मार्ग विजेला लावला. या विचारसरणीत प्रभारासाठी स्वतंत्र एकक मानण्याचे कारण उरत नाही : एक सेंटिमीटर अंतरावर ठेवलेले दोन समान प्रभार एकमेकांना एक डाइन बलाने ढकलत असतील तर त्यांतील प्रत्येक प्रभार एक एककाचा, असे म्हटले की झाले. डाइन म्हणजे न्यूटनचा एक लाखावा भाग. या एककाला पुढे स्टॅटकूलोम हे नाव मिळाले, आणि त्यावरून ठरणाऱ्या विभवांतराच्या एककाला स्टॅटव्होल्ट. दुसरीकडे प्रवाहांमधील चुंबकीय बलावरून सुरुवात केली तर प्रभाराचे निराळेच एकक निघते. ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८७३ मध्ये सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद यांवर आधारलेली पद्धत पुरस्कारली तेव्हा या दोन्ही वाटा तिच्यात राहिल्या. स्थिरविद्युत एककांची एक मालिका आणि विद्युतचुंबकीय एककांची दुसरी, असे एकाच सीजीएस पद्धतीचे दोन संसार उभे राहिले.

या दोन मालिकांतील प्रभारांच्या एककांचे गुणोत्तर म्हणजे एक वेग असतो, आणि तो मोजता येतो. वेबर आणि रुडॉल्फ कोलराउश यांनी १८५६ साली लेडन बाटलीतील प्रभार आधी स्थिरविद्युत पद्धतीने आणि मग तो गॅल्व्हानोमीटरमधून सोडून चुंबकीय परिणामावरून मोजला. त्यांना मिळालेले गुणोत्तर सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर होते. हा आकडा फिझो याने १८४९ मध्ये मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाच्या इतका जवळ आहे की हा योगायोग असू शकत नाही, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६१-६२ च्या लेखमालेत ओळखले आणि प्रकाश हाच विद्युतचुंबकीय तरंग आहे या निष्कर्षाकडे तो गेला. एककांचे रूपांतर हा कारकुनी स्वरूपाचा विषय समजला जातो. त्याच विषयातील एका गुणकाने भौतिकशास्त्राला त्याचा एक सर्वांत मोठा शोध दिला, याची नोंद या विषयावरील पुस्तकांत क्वचितच आढळते.

तोच वेग आजही रूपांतराच्या आकड्यात स्पष्ट दिसतो. एक स्टॅटव्होल्ट म्हणजे सुमारे २९९.७९ व्होल्ट, आणि एक स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर म्हणजे सुमारे २९,९७९ व्होल्ट प्रति मीटर. हे अंक निर्वातातील प्रकाशवेगाचे, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटरचे, अंक आहेत. हिशोब करून पाहिला तर उलगडा होतो. एक डाइन म्हणजे न्यूटनचा एक लाखावा भाग. एक स्टॅटकूलोम म्हणजे कूलोमचा सुमारे तीनशे कोटीवा भाग. पहिल्याला दुसऱ्याने भागले की तीस हजारांच्या जवळपासचा आकडा येतो. मनातल्या मनात हिशोब करायचा असेल तर एक स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर म्हणजे तीस हजार व्होल्ट प्रति मीटर असे धरायला हरकत नाही, आणि त्या मापाने हवेची सहनशक्ती बरोबर शंभर स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर भरते. सीजीएस पद्धतीतील क्षेत्रतीव्रतेचे एकक व्यवहाराच्या मानाने मोठे होते, हे त्यावरून कळते.

विद्युतचुंबकीय मालिकेतील एकक मात्र उलट दिशेने टोकाचे आहे. तेथील विभवांतराचे एकक, ज्याला पुढे ॲबव्होल्ट म्हटले गेले, इतके क्षुल्लक होते की तारयंत्राच्या अभियंत्यांना ते वापरणे अशक्य झाले. म्हणून व्होल्ट हे त्याच्या दहा कोटी पट मोठे व्यावहारिक एकक ठरवण्यात आले आणि पॅरिसच्या १८८१ च्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डॅनियल घटाचा दाब जेमतेम एक व्होल्टच्या वर होता, त्यामुळे हा आकार तारयंत्रवाल्यांच्या हाताला आपोआप बसला. एक ॲबव्होल्ट प्रति सेंटिमीटर म्हणजे व्होल्ट प्रति मीटरचा दहा लाखावा भाग, म्हणजेच नेमका एक मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. रेडिओ अभियंते आज आपल्या डेसिबल मोजणीचा शून्य ज्या मूल्यावर ठेवतात ते हेच मूल्य आहे. ॲबव्होल्टचे नावही न ऐकलेल्या माणसाच्या हाती तो असा नकळत शिल्लक राहिला आहे.

आजच्या एसआय पद्धतीकडे येण्याचा मार्ग इटालियन अभियंता जोव्हान्नी जॉर्जी याने १९०१ साली दाखवला. मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद यांच्या जोडीला विजेचे एक चौथे स्वतंत्र एकक घेतले तर व्होल्ट, अँपिअर, ओहम ही व्यवहारातील एकके जशीच्या तशी एका सुसंगत पद्धतीत बसतात, हे त्याने सिद्ध केले. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९३५ मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि १९६० साली तिला एसआय हे नाव मिळाले. जॉर्जीच्या मांडणीत ऑलिव्हर हेव्हिसाइडचा एक आग्रहही सामावला गेला. गोलाकार समरूपता असेल तेथे चार पाय (४π) यावा आणि सपाट पट्ट्यांच्या प्रश्नात तो येऊ नये, हा त्याचा आग्रह होता. जुन्या सीजीएस सूत्रांत नेमके उलटे घडत होते. म्हणून बिंदुप्रभाराच्या क्षेत्राच्या सूत्रात सीजीएसमध्ये कोणताही स्थिरांक नाही, तर एसआयमध्ये चार पाय आणि निर्वाताचा विद्युत स्थिरांक छेदात येतात; उलट प्रभारित अमर्याद पट्टीजवळचे क्षेत्र सीजीएसमध्ये प्रभारघनतेच्या दोन पाय पट असते, आणि एसआयमध्ये तेथे पाय औषधालाही सापडत नाही.

यातून निघणारी अडचण केवळ एकक बदलून सुटत नाही. क्षेत्रतीव्रतेचा आकडा स्टॅटव्होल्टमधून व्होल्टमध्ये आणून तो सीजीएसच्या सूत्रात घातला, किंवा उलट केले, तर उत्तर चार पायच्या, म्हणजे सुमारे साडेबारा पटींच्या, फरकाने बिघडू शकते. याचे सर्वांत फसवे उदाहरण विद्युत विस्थापन या राशीचे आहे. क्षेत्रतीव्रतेची जोडीदार असलेली ही राशी पदार्थातील अणूंच्या ध्रुवीकरणाचा हिशोब वेगळा ठेवून केवळ मोकळ्या प्रभाराशी नाते सांगते. एसआयमध्ये तिचे एकक कूलोम प्रति चौरस मीटर आणि पृष्ठभागावरील प्रभारघनतेचे एककही तेच. परंतु सीजीएसमध्ये नेताना प्रभारघनतेचा गुणक सुमारे तीन लाख असतो, तर विस्थापनाचा गुणक त्याच्या चार पाय पट, म्हणजे सुमारे साडेसदतीस लाख असतो. एकच एकक, पण राशी कोणती यावर गुणक बदलतो. मितींची तपासणी करूनही ही चूक पकडता येत नाही, कारण पाय हा शुद्ध आकडा आहे आणि त्याला मिती नसते. रूपांतर एककाचे होत नाही, राशीचे होते, हे एवढ्या एका उदाहरणावरून पटावे.

असे असताना सीजीएस कायमची बाजूला का पडली नाही, याचेही उत्तर द्यायला हवे. गाऊसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सीजीएस पद्धतीत विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची मिती एकच असते; प्रकाशलहरीत एक गाऊस चुंबकीय क्षेत्राच्या बरोबर नेमके एक स्टॅटव्होल्ट प्रति सेंटिमीटर विद्युत क्षेत्र चालते. एसआयमध्ये तीच जोडी टेस्लाचा दहा हजारावा भाग आणि तीस हजार व्होल्ट प्रति मीटर अशी दिसते, आणि दोन्ही क्षेत्रे एकाच वस्तूची दोन अंगे आहेत हे सापेक्षता सिद्धांताचे म्हणणे आकड्यांत हरवून जाते. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा ओढा म्हणूनच दीर्घकाळ सीजीएसकडे राहिला. विद्यापीठांत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या जॅक्सनच्या विद्युतगतिकीवरील ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली दहा प्रकरणे एसआयमध्ये आणि पुढची गाऊस पद्धतीत आहेत. लांडाऊ आणि लिफ्शिट्झ यांचे खंड गाऊस पद्धतीतच राहिले. आणि पर्सेलचे विद्युतचुंबकत्वावरील पाठ्यपुस्तक, जे कित्येक दशके सीजीएसचा आदर्श मानले जाई, ते २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत एसआयकडे वळले. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला रूपांतर टाळता येत नाही.

तिसऱ्या जातीत डेसिबल येतो. रेडिओ लहरींची तीव्रता ग्रहणस्थानी काही मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपासून प्रक्षेपकाजवळ कित्येक व्होल्ट प्रति मीटरपर्यंत पसरलेली असल्याने तिचे लॉगरिथम घेणे सोयीचे पडते : एक मायक्रोव्होल्ट प्रति मीटरशी असलेल्या गुणोत्तराच्या लॉगरिथमला वीसने गुणले की डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर मिळतात. एक व्होल्ट प्रति मीटर म्हणजे १२० डेसिबल. तीव्रता दुप्पट झाली की सहा आणि दहापट झाली की वीस मिळवायचे. वीस हा आकडा येतो तो शक्ती ही क्षेत्रतीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते म्हणून. शक्तीसाठी हाच गुणक दहा असतो, आणि या दोघांची अदलाबदल ही परीक्षेतील व प्रयोगशाळेतील नेहमीची घसरगुंडी आहे. याखेरीज मोजणीयंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा डेसिबल-मायक्रोव्होल्टचा असतो, त्यात प्रति मीटर नसते. तो अँटेनाच्या टोकांवरचा दाब असतो, क्षेत्राची तीव्रता नव्हे, आणि त्या अँटेनाचा त्या वारंवारतेला लागू असलेला गुणक मिळवल्याशिवाय तीव्रता हाती येत नाही.

शक्ती आणि क्षेत्र यांच्यातील हे वर्गाचे नाते भारतात एका सार्वजनिक वादाच्या मुळाशी होते. मोबाइल मनोऱ्यांच्या किरणोत्सर्जनासाठी अनायनीकारी किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये सुचवलेली मर्यादा ९०० मेगाहर्ट्झला ४.५ वॅट प्रति चौरस मीटर होती. भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०१२ पासून तिचा दहावा भाग, म्हणजे ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, ही मर्यादा लागू केली. ही राशी शक्तिघनता आहे, म्हणजे एक चौरस मीटर पृष्ठभागातून दर सेकंदाला जाणारी ऊर्जा. तिच्यावरून क्षेत्रतीव्रता काढायची तर तिला ३७७ ओहम या निर्वाताच्या प्रतिरोधाने गुणून वर्गमूळ घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय मर्यादा त्या हिशोबाने सुमारे ४१ व्होल्ट प्रति मीटर आणि भारतीय मर्यादा सुमारे १३ व्होल्ट प्रति मीटर होते. मर्यादा दहापट कडक झाली असे म्हणणारा आणि ती जेमतेम तिप्पट कडक झाली असे म्हणणारा, दोघेही आपापल्या एककात बरोबर आहेत. डेसिबलमध्ये मात्र दोन्ही वाटांनी घट बरोबर दहाचीच येते, १५२ वरून १४२. तीच ०.४५ वॅट प्रति चौरस मीटरची मर्यादा ४५ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर किंवा साडेचार लाख मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर अशीही लिहिता येते, आणि साडेचार लाख हा आकडा सभेत वाचून दाखवला की ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो हे वेगळे सांगायला नको. येथे अटीही विसरून चालत नाही : ३७७ ओहमचा संबंध अँटेनापासून पुरेशा दूरच्या, मोकळ्या प्रदेशातच खरा असतो. अँटेनाच्या अगदी लगत, किंवा घरातील वीजवाहिन्यांच्या ५० हर्ट्झच्या क्षेत्रात, विद्युत आणि चुंबकीय भाग एकमेकांशी असे बांधलेले नसतात, म्हणून उच्चदाब तारांखालील व्होल्ट प्रति मीटरचे वॅटमध्ये रूपांतर करणे निरर्थक आहे. तेथे मर्यादाही थेट क्षेत्रतीव्रतेतच दिली जाते; सर्वसामान्य नागरिकांसाठी ५० हर्ट्झला आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा ५ किलोव्होल्ट प्रति मीटर आहे.

आकड्याबरोबर चिन्हही रूपांतरित करावे लागते अशी एक जागा वातावरणाच्या विजेत आहे. निरभ्र दिवशी जमिनीलगत सुमारे शंभर ते दीडशे व्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र असते. क्षेत्राची दिशा धन प्रभारावरील बलाची, म्हणून ते खाली, जमिनीकडे असते आणि वरची दिशा धन धरली तर भौतिकशास्त्राच्या प्रथेने ऋण लिहावे लागते. वातावरणशास्त्रज्ञ मात्र उंचीबरोबर विभव किती वाढते ते लिहितात आणि त्याला विभव-प्रवणता म्हणतात. ती निरभ्र हवेत धन असते. परिभ्रमी झडपेने आपल्या पट्ट्या आळीपाळीने झाकून व उघडून क्षेत्र मोजणारी फील्ड मिल ही यंत्रे पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी वापरली जातात. अशा यंत्राच्या नोंदी वाचताना प्रथम त्यातील धनचिन्ह कोणत्या प्रथेचे आहे हे पाहावे लागते, कारण गडगडाटी ढग डोक्यावर आला की हे चिन्ह उलटते आणि त्या उलटण्यातच सगळी माहिती असते.

सूक्ष्म जगातील एकके आकाराने अंगावर येतात. हायड्रोजनच्या अणूत केंद्रकापासून बोर त्रिज्येइतक्या, म्हणजे ०.०५२९ नॅनोमीटर अंतरावर प्रोटॉनचे जे क्षेत्र असते ते अणवीय एकक मानले जाते, आणि ते ५.१४ गुणिले दहाचा अकरावा घात इतके व्होल्ट प्रति मीटर भरते. हवा ज्या क्षेत्राला फुटते त्याच्या सुमारे १ लाख ७० हजार पट. रेणूंची गणिते करणारे संगणकीय कार्यक्रम बाह्य क्षेत्र बहुधा याच एककात मागतात, आणि तेथे ०.०१ असा निरुपद्रवी दिसणारा आकडा लिहिणाऱ्याने पाचशे कोटी व्होल्ट प्रति मीटर मागितलेले असतात. तुलनेसाठी शरीरातील उदाहरण घ्यावे : चेतापेशीच्या आवरणाच्या दोन बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, पण आवरण जेमतेम पाच ते सात नॅनोमीटर जाड असल्याने त्यातील क्षेत्र एक कोटी व्होल्ट प्रति मीटरच्या घरात जाते. वायूंतील विसर्जनाचे अभ्यासक तर तीव्रतेला वायूच्या कणघनतेने भागून येणारी राशीच मोजतात, कारण इलेक्ट्रॉनाला दोन टकरींमध्ये किती ऊर्जा मिळते हे त्या भागाकारावर ठरते. जॉन टाउनसेंड याच्या नावाच्या या एककात नेहमीच्या हवेची सहनशक्ती सुमारे १२० येते. टाउनसेंडमधून व्होल्ट प्रति मीटरमध्ये यायचे तर वायूचा दाब आणि तापमान कळलेच पाहिजे, आणि ते न देता लिहिलेले रूपांतर अपुरे समजावे.

पुढील प्रकरणांतील कोष्टकांविषयी दोन गोष्टी नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. पहिली अंकांच्या काटेकोरपणाची. मे २०१९ पर्यंत स्टॅटव्होल्ट आणि व्होल्ट यांचे गुणोत्तर व्याख्येनेच नेमके होते. त्या महिन्यात अंमलात आलेल्या नव्या व्याख्यांनी इलेक्ट्रॉनचा प्रभार नेमका ठरवला, आणि त्याच्या मोबदल्यात निर्वाताचे विद्युत व चुंबकीय स्थिरांक प्रयोगाने मोजायच्या राशी झाल्या. त्यामुळे हे गुणोत्तर आता तत्त्वतः नेमके नाही, मात्र फरक एक हजार कोटींत एक भाग इतका असल्याने जुने गुणक बदललेले नाहीत. दुसरी गोष्ट प्रत्यावर्ती क्षेत्रांची : जेथे वेगळे सांगितलेले नाही तेथे सर्व मूल्ये वर्गमाध्यमूळ आहेत, अपवाद लेसरच्या प्रकरणाचा, जेथे प्रथेनुसार लाटेचे शिखरमूल्य दिले आहे आणि शक्तिघनतेच्या सूत्रात त्यामुळे अर्धा हा गुणक येतो.